सृष्टीचें जुनें दप्तर : काळ्या कातळाखालचे महाकाय प्राणी

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या देवघरांत एक नामशेष झालेला प्राणी आहे. त्यास रोज स्नान घडतें, तुळस वाहिली जाते व नैवेद्यही दाखविला जातो, असें म्हटलें तर घरांतील आजी-काकू मंडळी प्रस्तुत लेखकाकडे संशयानें पाहतील. परंतु गोष्ट खरी आहे. गंडकीच्या पात्रांतून आलेला चक्रांकित शाळिग्राम ज्याच्या घरीं असेल त्यानें तें चक्र एकवार नीट न्याहाळावें. त्याचे वेढे मध्यापासून बाहेर रुंदावत जातात, व प्रत्येक वेढ्यावर आडव्या रेघा उमटलेल्या असतात. हें काम कोणा पाथरवटाचें नव्हे. सागरांत राहून आपल्याभोंवतीं शंखासारखें कवच बांधणाऱ्या एका प्राण्याचा तो ठसा होय. शास्त्रज्ञ त्यास ॲमोनाइट म्हणतात. हा म्हाकुळाच्या गोत्रांतला. तो जसजसा वाढे तसतशी पुढें नवी खोली बांधी, मागची पडद्यानें बंद करी, आणि आपण सर्वांत पुढच्या खोलींत बिऱ्हाड करी. मागच्या बंद खोल्यांत वायु भरलेला असल्यामुळें एवढें जड घर पाण्यांत सहज तरंगे. आज जेथें मुक्तिनाथ आहे तेथें त्या काळीं समुद्र होता. पुढें हिमालय वर आला, आणि सागरतळींचा चिखल दगड होऊन पर्वताच्या अंगावर जाऊन बसला. शाळिग्रामाचीं चक्रें वज्रकीट कोरतो, असें आपल्याकडे पूर्वापार सांगतात. कोणा किड्यानें तीं कोरलीं नसलीं, तरी या आकृतीशीं एखाद्या जीवाचा संबंध असावा हें त्या सांगणाऱ्यांच्या मनांत आलें, हेंही थोडें नव्हे. या ज्ञानानें पूजेंत कांहीं उणें येत नाहीं. कोट्यवधि वर्षांची वस्तु आपल्या ताम्हनांत आहे हें कळल्यावर हात अधिकच नम्रतेनें जोडले जावे.

या ॲमोनाइटांचा वंश सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं बुडाला. त्याच सुमारास भूमीवरचे डायनोसॉर, ज्यांस मराठींत भीमसरट असेंही म्हणतात, ते महाकाय प्राणीही गेले. या मृत्यूची चौकशी जगांतील विद्वान आज कित्येक वर्षें करीत आहेत, आणि तिचे फार महत्त्वाचे कागद आमच्या महाड-पोलादपूरच्या डोंगरांत बांधून ठेविलेले आहेत. म्हणून या अंकीं आपण तोच रुमाल सोडूं.

जिजाऊमासाहेबांची समाधि ज्या पाचाड गांवीं आहे, तेथून रायगडाकडे पाहिलें म्हणजे कडा एकसंध दिसत नाहीं. उभा ताशीव कातळ, मग थोडी उताराची झाडी, पुन्हां उभा कातळ, अशा पायऱ्या दिसतात. सह्याद्रींत सर्वत्र हेंच. स्वीडनच्या भाषेंत जिन्यास जो शब्द आहे त्यावरूनच या दगडास 'ट्रॅप' हें नांव पडलें. यांतील प्रत्येक पायरी म्हणजे एकेकाळीं वाहत आलेला तप्त शिलारस. ज्वालामुखी म्हटला कीं मुलांच्या डोळ्यांपुढें धुराचा लोट सोडणारा शंकूसारखा डोंगर येतो. दख्खनमध्यें प्रकार निराळा झाला. जमिनीस लांबच लांब भेगा पडल्या, आणि पातेल्यांतून खीर उतूं जावी तसा तो रस बाहेर येऊन शेंकडों मैल पसरला, थिजला; त्यावर पुन्हां दुसरा आला, तिसरा आला. आजही या दगडानें सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर भूमि व्यापिली आहे, आणि पश्चिम घाटाच्या बाजूस थरांची एकंदर जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते.

परंतु हे लोट एकामागून एक लागलीच आले असें नाहीं. पोलादपुराहून महाबळेश्वरास जातांना आंबेनळी घाटांत रस्त्यासाठीं डोंगर जेथें कापला आहे, तेथें दोन काळ्या थरांमध्यें गेरूसारखा लाल पट्टा आढळतो. ती त्या काळची माती होय. एक लोट थिजल्यावर दुसरा येईपर्यंत इतका अवकाश गेला, कीं दगड झिजून त्याची माती झाली. आणि मग वरून आलेल्या रसानें ती विटेसारखी भाजून काढली. काळा थर म्हणजे प्रलय आणि लाल पट्टा म्हणजे विसांवा, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे हें दप्तर वाचतां येतें.

तथापि आमच्या भागांत भीमसरटाचें हाड सांपडेल अशी आशा मुलांनीं धरूं नये. हाड टिकावयास तें चिखलांत वा वाळूंत हळूहळू पुरलें जावें लागतें. अग्निरसांत तें टिकत नाहीं. ज्या भूमीवर ते प्राणी हिंडले ती जुनी भूमि येथें हजारों फूट दगडाखालीं दडपलेली आहे. जेथें या दगडाच्या चादरीची कड येते व ती पातळ होते, म्हणजे चंद्रपूर-नागपूरकडे, नर्मदाकांठीं जबलपुरास आणि गुजरातेंत खेडा-बालासिनोरच्या बाजूस, तेथें खालची जमीन उघडी पडते. त्या थरांस जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून लमेटा हें नांव पडलें आहे.

पहिलीं हाडें मिळालीं तीं १८२८ सालीं जबलपुरास, कॅप्टन स्लीमन यांस. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून पुढें ज्यांची ख्याति झाली तेच हे. त्या काळीं 'डायनोसॉर' हा शब्दही जन्मास आला नव्हता. तो इंग्लंडांत रिचर्ड ओवेन यांनीं १८४२ सालीं घडविला. स्लीमनांच्या हाडांचें बारसें १८७७ मध्यें लायडेकर यांनीं टायटॅनोसॉरस इंडिकस या नांवानें केलें. पुढें त्यांतलें एक मूळ हाड कोठें पडलें तें कोणास कळेना. शेवटीं २०१२ सालीं तें कलकत्त्याच्या सरकारी भूशास्त्रखात्याच्या संग्रहांतच सांपडलें. घरांतली वस्तु घरांतच हरवते याचें याहून सुंदर उदाहरण नाहीं.

महाराष्ट्रांतील प्रमुख ठिकाण म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याजवळचें पिसदुरा हें खेडें. नागपुरास ज्यांच्या नांवाचें कॉलेज आहे त्या पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनीं गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत, म्हणजे १८६० च्या आसपास, तेथील अश्मांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. त्याच जिल्ह्यांत डोंगरगांव येथें एका मोठ्या प्राण्याच्या सांगाड्याचा बराच भाग मिळाला. त्याचें वर्णन १९९७ सालीं कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या विद्वानांनीं प्रसिद्ध केलें, आणि २००३ मध्यें त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्यास इसिसॉरस हें नांव मिळालें. संख्याशास्त्राच्या संस्थेंत हाडांचें काय काम, असें कोणी विचारील. पण त्या संस्थेंत भूशास्त्राचीही शाखा आहे, आणि गोदावरीच्या खोऱ्यांत सांपडलेला याहून कितीतरी जुना बारापासॉरस नामक प्राणीही तेथेंच उभा केलेला आहे. त्याच्या मांडीचें एक हाड साडेपांच फुटांहून अधिक लांब आहे. घरांतील उंचापुरा पुरुष त्याशेजारीं उभा राहिला तर कसाबसा त्याच्या बरोबरीस येईल.

हे मोठे भीमसरट स्वभावानें गाईसारखे पाल्यावर जगणारे होते. चार खांबांसारखे पाय, मागें लांब शेंपूट, पुढें लांब मान आणि त्या मानेच्या टोंकास देहाच्या मानानें अगदीं लहान डोकें. त्यांस आपल्या गुरांसारखी रवंथ नव्हती. चावण्यास योग्य दाढाही नव्हत्या. खुंटीसारख्या दांतांनीं पाला ओरबाडावा व तसाच गिळावा. पुढचें सारें काम पोटानें करावें. जबडा हलका म्हणून मान लांब करतां आली, आणि मान लांब म्हणून एका जागीं उभें राहून भोंवतालचा पुष्कळ पाला खातां आला. एवढ्या मोठ्या देहाची चूल पेटती ठेवण्याची युक्ति ती हीच.

पण त्यांच्या पोटांत नक्की काय जात होतें, हें कोणीं पाहिलें? यास उत्तर पिसदुऱ्याच्या शेतांनीं दिलें आहे. तेथें हाडांबरोबर एका प्रकारचे गोल-लांबट दगड पुष्कळ मिळतात. ते म्हणजे त्या प्राण्यांचें दगड झालेलें शेण होय. नाक मुरडण्याचें कारण नाहीं. ज्या देशांत शेणानें अंगण सारवून त्यावर रांगोळी घालीत आले, त्या देशानें तरी ही विद्या हीन मानूं नये. २००५ सालीं वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी प्रभृति संशोधकांनीं हे दगड विरघळवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. त्यांत ताड-माडांच्या जातींचे व सूचिपर्णी वृक्षांचे अवशेष तर होतेच. पण त्यांशिवाय गवताचे बारीक कण मिळाले, आणि त्यांतले कांहीं भाताच्या व वेळूच्या जवळच्या नातलगांचे होते.

या शोधानें मोठी खळबळ उडाली. तोंवर असें मानीत, कीं भीमसरट गेल्यावर पुष्कळ काळानें पृथ्वीवर गवत आलें. पिसदुऱ्याच्या शेणानें तें मत बदलावयास लाविलें.

हे कण कशाचे, हें आमच्या कोंकणांतील कोणत्याही गृहिणीस पुस्तकावांचून कळण्याजोगें आहे. भात कापतांना पात्यानें बोट चिरतें, कारण त्या पात्यांत वाळूच्या जातीचे अतिसूक्ष्म कण असतात. भाताचें रोप जमिनींतून पाण्याबरोबर हें द्रव्य ओढून घेतें व पात्यांत आणि तुसांत सांठवितें. तूस जाळलें तरी तें जळत नाहीं. म्हणून तुसाच्या राखेची राखुंडी दांतांस घासली कीं ते स्वच्छ होतात. आपल्या वडील मंडळींनीं ज्या कणांनीं जन्मभर दांत घांसले, त्याच जातीचे कण कोट्यवधि वर्षांपूर्वीं वरोऱ्याच्या तळ्याकांठीं एका प्राण्याच्या पोटांतून पार होऊन, न विरघळतां, न कुजतां, आपल्यासाठीं राहिले. हाडानें देह कळतो; आहार मात्र या धुळीनें कळला.

आतां त्यांच्या अपत्यांकडे वळूं. एवढ्या मोठ्या प्राण्याचें अंडें घागरीएवढें असेल असें वाटतें. प्रत्यक्षांत तें सहा ते आठ इंच व्यासाचें, गोल, फार तर लहानशा नारळाएवढें असे. याहून मोठें अंडें केलें तर कवच जाड करावें लागतें, आणि मग आंतल्या जीवास हवा मिळत नाहीं. म्हणून मादी मऊ जमिनींत खळगा करून अनेक अंडीं घाली व मातीनें झांकी. पिलूं बाहेर येई तेव्हां जेमतेम दीड-पावणेदोन फूट लांब असे. आईबाप पर्वतप्राय आणि पोर सरड्याएवढें, म्हणजे त्याच्यावर सर्वांचा डोळा.

याचा प्रत्यक्ष पुरावाही गुजरातेंत ढोली डुंगरी येथें मिळाला आहे. तेथील अंड्यांचें एक घरटें भूशास्त्रखात्याचे धनंजय मोहबे यांनीं उजेडांत आणिलें. त्यांत अंड्यांशेजारीं बारीक हाडें होतीं. तीं पिलाचीं असावीं असा १९८७ सालचा तर्क होता. पुढें २००१ मध्यें जेफ्री विल्सन या अमेरिकन विद्वानानें तीं पुन्हां पाहिलीं, तों मणके सापाचे! फुटलेल्या अंड्याभोंवतीं वेटोळें घातलेला, सुमारें साडेअकरा फुटांचा सर्प, शेजारीं नुकतेंच बाहेर आलेलें पिलूं, आणि त्याच क्षणीं बहुधा वादळानें वाहून आलेल्या वाळूनें तिघांनाही गाडून टाकलेलें. २०१० सालीं त्या सर्पाचें नांव 'सनाजेह' असें ठेविलें. संस्कृत शब्दांवरून, प्राचीन जबडा अशा अर्थानें. संस्कृत मृत भाषा म्हणणाऱ्यांनीं याची नोंद घ्यावी. तिच्यांत अद्याप बारशीं होत आहेत. अंडें तोंडांत मावत नसल्यानें हा सर्प पिलूं बाहेर येण्याची वाट पाहत बसे, असें दिसतें. वर पृथ्वी फाटून अग्नि वाहत होता त्या युगांतही विसाव्याच्या काळीं आई अंडीं घालीत होती आणि साप दबा धरून बसत होता. संसार थांबला नव्हता.

मग तो थांबला कशानें? १९८० सालीं लुईस व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनीं असें मांडलें, कीं आकाशांतून एक प्रचंड अशनि पृथ्वीवर आदळला. त्या काळच्या थरांत इरिडियम नामक, पृथ्वीच्या पाठीवर अतिदुर्मिळ असलेली धातु त्यांस आढळली होती. पुढें मेक्सिको देशांत चिक्शुलूब येथें त्या आघाताचें विवरही ओळखलें गेलें. अशनि सुमारें १० किलोमीटर व्यासाचा, म्हणजे रायगडाच्या उंचीच्या बारापट. आघातानें उडालेल्या धुळीनें व काजळीनें सूर्य झांकला, वनस्पति सुकल्या, त्यांवर जगणारे उपाशी मेले, व त्यांस खाणारेही त्यांच्यामागून गेले.

पण त्याच सुमारास येथें दख्खनमध्यें शिलारस वाहत होता, विषारी वायु आकाशांत चढत होते. तेव्हां खून केला कोणीं, बाहेरच्यानें कीं घरच्यानें? याचा निकाल लावावयाचा तर लोट केव्हां आले तें वर्षांत मोजलें पाहिजे, आणि त्यासाठीं विद्वान सह्याद्रीच्या घाटांत आले. भूशास्त्राच्या ग्रंथांत या थरांस जीं नांवें आहेत त्यांत 'पोलादपूर', 'आंबेनळी' व 'महाबळेश्वर' हीं आहेत. आमच्या एस.टी. गाडीच्या पाटीवरचीं हीं नांवें प्रिन्स्टन आणि बर्कलीच्या विद्यापीठांत उच्चारलीं जातात! २०१९ सालीं दोन पक्षांनीं आपापलें गणित एकाच वेळीं प्रसिद्ध केलें. एकानें थरांमधल्या लाल पट्ट्यांतील सूक्ष्म स्फटिकांवरून काल मोजला. दुसऱ्यानें प्रत्यक्ष काळ्या दगडावरून. बहुतेक सारा शिलारस दहा लक्ष वर्षांच्या आंत बाहेर पडला, याविषयीं दोघांचें एकमत आहे. परंतु पहिला म्हणतो, कीं अशनि पडण्याच्या थोडें आधीं एक मोठा लोट आला. दुसरा म्हणतो, कीं लोटांपैकीं अधिक भाग अशनि पडल्यानंतरचा आहे. बहुतेक विद्वान मुख्य अपराध अशनीच्याच माथीं मारतात. दख्खनच्या अग्नीचा वांटा किती, हा वाद अद्याप संपलेला नाहीं.

निवाडा कांहींही होवो, एक गोष्ट उघड आहे. भूमीवरचे जे मोठे होते ते गेले, आणि थोडक्यांत भागविणारे पुष्कळ लहान जीव तगले. याचा दाखला मुंबईस वरळीच्या टेकडींत मिळाला. तेथील दोन लोटांमधल्या तळ्याच्या गाळांत इवलेसे बेडूक दगड होऊन राहिले होते. त्यांचें नांव १८४७ सालीं ठेवणारा पंडित तोच, ज्यानें भीमसरटांस नांव दिलें, रिचर्ड ओवेन. मुंबईचा हा दगड भीमसरट गेल्यानंतरचा आहे. म्हणजे वर महाकाय प्राण्यांचें राज्य बुडून गेलें होतें, आणि वरळीच्या डबक्यांत बेडूक आपले डरांव डरांव करीतच होते.

भीमसरटांचाही वंश पुरता बुडाला नाहीं. दोन पायांवर धांवणाऱ्या त्यांच्या एका लहान शाखेस पिसें फुटलीं होतीं. तीच शाखा आज पक्षी म्हणून आपल्यामध्यें आहे. अंगणांतील चिमणी, पितरांच्या पिंडास शिवणारा कावळा आणि रायगडाच्या कड्यावर पंख पसरून तरंगणारें गिधाड, हे त्या घराण्याचे आजचे वारस. अग्नि आणि अशनि या दोहोंतून ते वांचले. त्यांतल्या गिधाडाची मात्र काय गति झाली, ती प्रत्येक घरानें ऐकावी.

१९९० नंतर भारतांतलीं गिधाडें झपाट्यानें मरूं लागलीं. पांढऱ्या पाठीचें गिधाड १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारीं एखादेंच उरलें. अपराधी निघालें डायक्लोफिनॅक नांवाचें औषध. गाईबैलांच्या दुखण्यावर तें मायेनें दिलें जाई. जनावर मेल्यावर त्याचें मांस गिधाडानें खाल्लें कीं थोड्याच दिवसांत त्याचे मूत्रपिंड निकामी होत. गिधाडाची मादी वर्षास एकच अंडें घालते. तेव्हां झालेला तोटा भरून निघावा कसा? सरकारनें २००६ सालीं जनावरांसाठीं हें औषध बंद केलें, आणि २०२३ सालीं कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक हीं दोन औषधेंही बंद केलीं. आमच्या जिल्ह्यांत म्हसळें तालुक्यांतील चिरगांवच्या मंडळींनीं घरट्यांचीं झाडें राखून गिधाडांस आसरा दिला, ही अभिमानाची गोष्ट होय.

दहा किलोमीटरांच्या अशनीनें जें घराणें निर्वंश झालें नाहीं, त्याची एक शाखा औषधाच्या एका बाटलीनें पंधरा वर्षांत बुडत आली; आणि ती बाटली आणणारा हात आपल्यासारख्याच कोणा गृहस्थाचा होता. ज्यांच्या घरीं अद्याप गोठा आहे त्यांनीं गुरास दुखण्यावर सुई देतेवेळीं डॉक्टरास औषधाचें नांव विचारावें, आणि मेलॉक्सिकॅम देण्यास सांगावें. तें गिधाडास बाधत नाहीं. माणसांसाठीं विकलें जाणारें डायक्लोफिनॅक चोरून गोठ्यांत नेऊं नये. घरांतील मुलांनीं एवढें एक काम आपल्याकडे घ्यावें. भीमसरटांचें मरण कोणास टाळतां आलें नसतें. हें टाळतां येतें.